किनाऱ्यावर उभं राहणारं विमान कसं राखायचं

विमान उतरून चाकांना ठोकळे लागले की मी पंखाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवते आणि ते जिभेला लावते. खारट लागलं तर त्या दिवशी धुणं आलं. पंखाचीच कड चाखा, पोटाखालचा पत्रा नको. तिथे एक्झॉस्टची काजळी बसलेली असते आणि विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं आहे.

मी लहान विमानांची दुरुस्ती-तपासणी करते, म्हणजे लायसन्स असलेली एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) आहे. पण इंजिनं मी आधी पाहिली ती होडीवरची. बाबा मालवणात तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते. दर्यावरून आले की जाळी उतरवायच्या आधी आउटबोर्डचं मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून पाच-दहा मिनिटं चालवायचे. मी कंटाळायचे, तेव्हा म्हणायचे, "खारा पाणी पोटात ऱ्हवला तर मशीन मेला म्हणान समज." विमानाच्या शाळेत गंजाचे सगळे प्रकार शिकले, तरी त्या वाक्यापलीकडे फार काही शिकले असं मला वाटत नाही.

हे लिहितेय ते सेस्ना १५२, १७२ किंवा तशाच पिस्टन इंजिनाच्या विमानाच्या मालकांसाठी आणि या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी. दुरुस्तीवर सही लायसन्सवाल्याचीच लागते. धुणं, पुसणं, बघणं आणि वेळेवर सांगणं मात्र ज्याचं विमान त्याने करायचं, कारण रोज त्याच्यापाशी तोच असतो.

मीठ काय करतं

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर चढतात, पाणी उडून जातं आणि मीठ पत्र्यावर येऊन बसतं. कोरडं असेपर्यंत ते फारसं काही करत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. आषाढात स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाचा चिखल होतो ना, तोच चिखल पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या डोक्याभोवती होतो. आणि आमच्याकडे ७५ टक्के ओलांडायला आषाढ लागत नाही, वर्षातल्या बहुतेक रात्री तेवढं असतंच.

अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप एक पातळ ऑक्साइडची साय धरते, तीच त्याचं रक्षण करते. मिठातलं क्लोराइड त्या सायीला भोकं पाडतं. त्यात पोलादी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात बसलेला असला तर ओल्या मिठामुळे दोघांची मिळून बॅटरीच तयार होते, आणि झिजतो तो पत्रा. आमचे मच्छीमार ट्रॉलरच्या सुकाणूजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात, ते त्यासाठीच. झिजायचं ते जस्ताने झिजावं, पंख्याने नको. विमानाला असा ठोकळा लावून भागत नाही, कारण तो पाण्यात बुडालेला असला तरच काम करतो. विमानाच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा कागदासारखा पातळ थर चढवलेला असतो, तो साधारण हेच काम करतो. म्हणून पत्रा चकचकीत करायच्या हौसेने पॉलिशच्या मशीनने तो थर घासून काढू नका.

वर गेलं की हवा कोरडी असते, वारा लागतो, इंजिन गरम असतं. खारं विमानाला खातं ते मुख्यतः जमिनीवर उभं असताना. वर्षाला दोनशे तास उडणाऱ्या विमानापेक्षा वीस तास उडणारं विमान उघडताना मला जास्त धास्ती वाटते.

धुणं

पाण्यापासून सुरुवात करा. हँगरशेजारी विहीर आहे म्हणजे पाणी गोडंच असेल असं नाही. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, आणि तशा पाण्याने धुणं म्हणजे मीठ सगळीकडे सारखं पसरवणं. सिंधुदुर्ग किल्ल्यात चारी बाजूंनी समुद्र असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड आहेत, पण प्रत्येक विहिरीचं नशीब तसं नसतं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम धरतात. मी मेमध्ये पाणी तपासून घेते आणि त्याच्या वर गेलं असेल तर टँकर मागवते. विमान धुवायला पिण्याचं पाणी मागवलं म्हणून लोक बोलतात, बोलू द्या.

साबण विमानासाठीचा, सौम्य. भांडी घासायचा द्रव साबण अजिबात नको, कारण पुष्कळशा अशा साबणांत घट्टपणा यावा म्हणून मीठच घातलेलं असतं. सोड्याची भुकटी अ‍ॅल्युमिनियमला सरळ खाते. गाड्या धुवायचा जोराचा फवाराही नको. तो पाणी बिजागऱ्यांत, चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि सिलांच्या आत ढकलतो, आणि तिथलं ग्रीस बाहेर काढतो. बागेची नळी, मऊ ब्रश, भरपूर पाणी. खालून वर साबण लावायचा, वरून खाली धुवायचं.

आता जे सांगते ते दोनदा वाचा. वेग आणि उंची दाखवणारी उपकरणं ज्यांतून हवेचा दाब घेतात ती पिटो नळी आणि स्टॅटिकची छिद्रं धुण्याआधी झाकावी लागतात, नाहीतर पाणी आत जातं. झाकलेलं परत काढावंही लागतं. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं आणि ७० माणसं गेली. विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. वैमानिकांना रात्री ना उंची खरी दिसत होती ना वेग. मी लाल रंगाचं, लांब फीत असलेलं झाकण वापरते. किती झाकणं लावली ते लॉगच्या कागदावर आकड्यात लिहिते, आणि काढल्यावर ती हातात मोजून मगच सही करते. रंगाशी मिळतीजुळती चिकटपट्टी माझ्या पेटीत ठेवतच नाही.

पाऊस वरून धुतो, असं म्हणून काही जण पावसाळ्यात धुणं सोडून देतात. वरचा पत्रा पाऊस खरंच धुतो. पोट, चाकांचे खोबण, शेपटीची खालची बाजू, फ्लॅपच्या आतला भाग इथे पाऊस पोचत नाही, खारी हवा पोचते. धुण्यातला निम्मा वेळ मी विमानाखाली उताणी पडून घालवते. एक्झॉस्टच्या मागची काजळी पूर्ण निघाली पाहिजे, ती स्पंजासारखी ओल धरून बसते आणि तिच्यात आम्लही असतं. पोटाला ठिकठिकाणी पाणी निचरायची लहान भोकं असतात, ती तारेने नव्हे, प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. भोक बुजलं की आत चमचाभर खारं पाणी साचतं आणि ते कोणाला दिसत नाही.

वेळ सकाळची धरा. दुपारी खारे वारे सुरू व्हायच्या आत विमान धुऊन, उन्हात दारं-झाकणं उघडी टाकून वाळलं पाहिजे. ओलं विमान दुपारच्या वाऱ्यात ठेवलं तर सकाळची मेहनत गेली.

बघणं

पांढरी पूड दिसली की ती अ‍ॅल्युमिनियमची राख समजा. पोलादाचा गंज तांबूस, तांब्याचा हिरवा, मॅग्नेशियमचा पांढरा आणि फुगलेला. आमच्याकडे एक घोटाळा होतो. चिपी काय, रत्नागिरी काय, धावपट्ट्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर आहेत आणि जांभ्याची लाल धूळ सगळीकडे बसते. नवखा माणूस गंज बघून धूळ म्हणतो, किंवा धूळ बघून घाबरतो. पांढरं सुती कापड कोरडं फिरवा. धूळ असेल तर निघून जाते आणि खाली धातू गुळगुळीत लागतो. गंज असेल तर कापड खरखरतं आणि डाग जागेवर राहतो. पण धूळ आहे म्हणून सोडूही नका, तिच्याखाली ओल टिकते.

संध्याकाळी हँगरमधले दिवे बंद करा आणि टॉर्च पत्र्याला चिकटवून आडवी धरा. सरळ प्रकाशात सपाट दिसणारा पत्रा आडव्या प्रकाशात खरं सांगतो. दोन रिव्हेटांमध्ये उशीसारखा फुगवटा दिसला तर दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरलाय. गंजाला मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो पत्रा उचलतो. रंगाखाली अळी फिरल्यासारख्या बारीक नागमोडी रेषा दिसल्या तर ओल रंगाच्या आत शिरलीय. रिव्हेटमागे काळसर धुराची शेपटी असेल तर तो रिव्हेट सैल आहे. आणि जाड पट्टीच्या कडेला, पंखाच्या मुख्य दांड्यावर, धातू चिरोट्यासारखा पदरापदराने सुटलेला दिसला, तर हात लावू नका, उडू नका, आधी एएमईला बोलवा. तो गंज आतून धातूच्या कणांच्या कडांनी पसरलेला असतो. वरून घासून तो जात नाही.

जोडातला गंज किती लांब जातो त्याचं उदाहरण हवाईतलं आहे, तीही समुद्रातली बेटं. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा साधारण १८ फुटांचा भाग २४,००० फुटांवर उडून गेला. एक हवाई सेविका गेली. त्या विमानाने बेटाबेटांमधल्या लहान लहान फेऱ्या करत ८९,६८० उड्डाणं केली होती. पत्र्यांचे चिकटवलेले जोड खाऱ्या हवेत सुटले, भार रिव्हेटांवर आला, भोकाभोकाला चिरा पडल्या. आपलं चार माणसांचं विमान आत हवेचा दाब भरून उडत नाही, पण जोड तसेच आहेत आणि हवा तशीच.

नियंत्रणाच्या तारा विसरू नका. तारेवरून कापड फिरवायचं. धागा अडकला तर तिथे एक तार तुटलीय. पुलीजवळ तार सैल करून थोडी उलगडून आत बघावं लागतं, बाहेरून चकचकीत तारेच्या पोटात गंज असतो. सीटखालचा गालिचा वर्षातून एकदा पूर्ण काढा. ओल्या चपला, सांडलेलं पाणी, समुद्रकिनाऱ्यावरून आलेली वाळू, सगळं तिथे जमतं. मी एकदा गालिचाखाली वेंगुर्ल्याची शंखशिंपल्यांची पिशवी काढली होती, मुलांनी गोळा केलेली. तिच्याखालचा पत्रा नखाने टोचला तर भोक पडेल इतका पातळ झाला होता.

सापडलेला हलका गंज काढताना पोलादी ब्रश किंवा पोलादी लोकर अ‍ॅल्युमिनियमवर कधीही नको. पोलादाचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि प्रत्येक कण पुढे नवीन खड्डा करतो. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पॉलिश पेपर किंवा नायलॉनची घासणी चालते. गंज निघाल्यावर पत्रा किती उरला ते मोजावं लागतं, आणि किती उरला तर चालतो ते त्या विमानाच्या दुरुस्तीपुस्तकात लिहिलेलं असतं. इथे अंदाज चालत नाही. जुना हिरवट-पिवळा प्रायमर घासताना तोंडाला मास्क लावाच आणि पाण्याने ओला करून घासा. त्यातलं क्रोमियम फुप्फुसांना घातक आहे.

पंखांच्या आत आणि शेपटीत दर एक-दोन वर्षांनी गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्या. एसीएफ-५० किंवा कोरोजन-एक्स, जे मिळेल ते. हे पातळ तेल पत्र्याच्या जोडांत रांगत जातं आणि ओल बाहेर ढकलतं. नंतर काही आठवडे रिव्हेटांतून तेल पाझरतं, विमान मळकट दिसतं. तेवढं सोसा. ब्रेकवर आणि रबरावर मात्र ते जाऊ देऊ नका.

इंजिन, आणि रविवारची दहा मिनिटं

किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर शेडमध्ये उभं असलेलं एक चार आसनी विमान काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. मालक विमानावर जीव लावणारे. जून ते सप्टेंबर उडायला मिळालं नाही, म्हणून दर रविवारी त्यांचा माणूस इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करायचा. "बसून बसून खराब व्हायला नको." मी बोअरस्कोप, म्हणजे आत बघायची बारीक दुर्बीण घालून सिलिंडर बघितले. भिंतीवर एक हलका तांबूस पट्टा होता, तो मी लिहून ठेवला, बाकी बरं वाटलं, आणि विमान सोडलं. तीस-चाळीस तासांनी तेलाचा फिल्टर कापला तर त्यात पोलादाचे चमकते कण, चुंबकाला चिकटणारे. सिलिंडर उतरवला. झडपा उघडणाऱ्या कॅमची टोकं खरवडली गेली होती, त्यांवर टेकणाऱ्या टॅपेटचे चेहरे किडक्या दातासारखे झाले होते. कॅम बदलायला पूर्ण इंजिन फोडावं लागतं. तो खर्च ऐकताना मालकांचा चेहरा मला अजून आठवतो. मला कॅम दिसत नव्हता हे खरं, पण तो तांबूस पट्टा बघून मी जास्त विचारायला हवं होतं.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. बरंचसं एक्झॉस्टने जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांवरून इंजिनाच्या पोटात उतरतं. लांब उड्डाणात तेल तापतं आणि ते पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून निघून जातं. दहा मिनिटांत तेल तेवढं तापत नाही. प्रत्येक रविवारी ते इंजिनात पाणी भरत होते. त्यात लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅम वरच्या बाजूला, क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबलं की तेल खाली निथळतं आणि सगळ्यात आधी उघडा पडतो तो कॅम. कॉन्टिनेंटलच्या पुष्कळ इंजिनांत तो खाली असतो, तिथे थोडं बरं.

लायकमिंग स्वतः सांगते की दमट भागात नवीन इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतींवर दोन दिवसांतही गंज धरू शकतो. पन्नासएक तास चाललेल्या इंजिनात भिंतींवर वार्निशसारखा थर बसतो, त्याला जरा जास्त दिवस मिळतात. त्यांचा सल्ला असा की तीस दिवसांत निदान एकदा विमान सलग तासभर उडवावं आणि तेलाचं तापमान साधारण ७५ ते ९० अंश सेल्सिअसमध्ये राहावं. मी किनाऱ्यावर तीसऐवजी पंधरा दिवस धरते. उडणं शक्य नसेल तर जमिनीवर चालवूच नका. पंखा (प्रॉपेलर) हाताने फिरवून "तेल फिरवायची" सवयही सोडा. त्याने भिंतीवर उरलेलं तेल पुसलं जातं, आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोमध्ये दोष असला तर पंखा हात तोडतो.

तेल फिल्टर असलेल्या इंजिनात ५० तासांनी बदला, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलाच. उभ्या विमानाचं तेल नवं दिसतं, पण त्यात पाणी आणि आम्ल साठलेलं असतं. पावसाळ्याआधी बदला, पावसाळा संपायची वाट बघू नका. फिल्टर दर वेळी कापून बघा.

पावसाळी मुक्काम

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वर ओढून शाकारतात. माझ्या लहानपणी नारळाच्या झापांनी शाकारायचे. पाणी आत येत नसे, पण वारा खेळत असे. आता निळी ताडपत्री आली. ताडपत्रीखाली रात्री घाम धरतो आणि सकाळी तो निथळून लाकडात जातो. विमानाला ताडपत्री किंवा प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका. श्वास घेणारं कापडी आवरण घ्या, आणि आधी विमान धुऊन वाळवा, नाहीतर मीठ आत कोंडलं जाईल.

महिन्याहून जास्त उडणार नसाल तर इंजिन झोपवून ठेवायचं, हे काम एएमईकडून करून घ्या. संरक्षक तेल भरून शेवटचं उड्डाण, मग गरम असतानाच वरचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये त्याच तेलाचा फवारा, आणि प्लगच्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग. एक्झॉस्ट, हवेचं तोंड, ब्रीदर बंद. यानंतर पंखा फिरवायचा नाही, तसा फलक मराठीत लिहून पंख्याला बांधा, कारण हँगरमधली पोरं पंखा फिरवतातच. जेल निळं असेपर्यंत कोरडं आहे, गुलाबी झालं की ओल पिऊन भरलंय. सड्यावरच्या जुलैत मी ते दर आठवड्याला बघते आणि गुलाबी झालेलं भट्टीत वाळवून परत निळं करते.

खाऱ्या पाण्यात बुडालं तर

अपघात असेल तर तपास यंत्रणेला विचारल्याशिवाय काही उघडू नका. उधाणाच्या पाण्यात किंवा वादळात उभ्या विमानात खारं पाणी शिरलं असेल तर घड्याळ सुरू झालंय. बॅटरी सोडवा, गोड्या पाण्याने आतबाहेर धूत राहा. मॅग्नेशियमचे भाग, काही चाकं आणि इंजिनावरचे डबे, खाऱ्या पाण्यात तासातासाने विरघळतात. बुडालेलं इंजिन सुरू करून बघायचं नाही. ते पूर्ण उघडावंच लागतं.

उघडणारा लगेच मिळत नसेल तर इंजिन बाहेर वाळत ठेवू नका. लोक नेमकं तेच करतात. ओलं मीठ आणि हवा एकत्र आली की बेअरिंग एका रात्रीत तांबूस होतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात भावाच्या होडीचं आउटबोर्ड बुडालं. तीन दिवस मेकॅनिक मिळेना. भावाने ते वर काढून पुसलं नाही, सरळ गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलं, आणि रोज पाणी बदललं. चौथ्या दिवशी मी मालवणात पोचले, आम्ही दोघांनी ते पिंपातून काढून तिथेच अंगणात उघडलं, तेल घालत घालत. बेअरिंग चकचकीत होती. विमानाचं इंजिनही तसंच पिंपात किंवा ताडपत्रीच्या हौदात गोड्या पाण्याखाली ठेवून कार्यशाळेला फोन करा, आणि लॉगबुकात तारीख, वेळ आणि पाणी कुठवर चढलं ते त्याच दिवशी लिहा. पुढे ते विमान जो विकत घेईल त्याला हे वाचायला मिळालं पाहिजे.